डिझेल पंप खोलू देण्याआधी टाकीचं झाकण सैल करून बघा

नांगर लावला की आमचा ट्रॅक्टर सुरुवातीला नीट ओढायचा. मग हळूहळू दम सोडायचा. रेस पूर्ण दिली तरी इंजिन बसत जायचं. बंद करून थोडं थांबलं की पुन्हा पहिल्यासारखा चालायचा. धूर काळा नव्हता, पांढराही नव्हता. हे सगळं मी गॅरेजमध्ये नीट सांगितलं होतं.

फिटरने नुसता आवाज ऐकला आणि म्हणाला, "मालक, पंप गेला, नोझलपण गेले. उशीर केलात तर इंजिन खोलावं लागेल." डिझेल फिल्टर, एअर क्लिनर, कशालाही त्याने हात लावला नाही. पंप (इंजिनला मोजून डिझेल देणारा) आणि नोझल (सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणारे) काढून नेले. पंप परत आला तो रंग मारून. टेस्ट बेंचवर, म्हणजे पंप तपासायच्या मशीनवर, डिझेल मोजून लावल्याचा (कॅलिब्रेशनचा) कागद मागितला, तर नाही. जुने नोझल मागितले, तर म्हणे भंगारात गेले.

आता ट्रॅक्टर सुरुवातीला जोरात ओढायचा, पण लोडवर काळाकुट्ट धूर ओकायचा. आणि काही वेळाने पुन्हा तसाच बसायचा.

दुसऱ्या मिस्त्रीने पंप बघताच दाखवलं की डिझेलची कमाल मर्यादा ठरवणाऱ्या स्क्रूचं सील तोडून डिझेल वाढवलंय. दुरुस्ती केल्याचा भास व्हावा म्हणून हे करतात, याची मला फार चीड आहे. जादा डिझेल पूर्ण जळत नाही. पिस्टन तापतात, न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. नोझलही जुनेच निघाले, घासून चकचकीत केलेले.

मग इंजिन बसायला लागताच त्याने टाकीचं झाकण सैल केलं. सूं करून हवा आत गेली आणि इंजिनने लगेच रेस घेतली. झाकणातलं हवेचं छिद्र मातीने बुजलं होतं. डिझेल खर्च होईल तशी टाकीत पोकळी तयार व्हायची आणि टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या फीड पंपाला ते ओढता यायचं नाही. थांबलं की हवा हळूहळू आत झिरपायची, म्हणून ट्रॅक्टर पुन्हा चालायचा.

ताकद कमी आणि धूर नाही, तर आधी डिझेलची वाट तपासा: झाकण, फिल्टर, फीड पंपाची जाळी, पाइपातून हवा ओढली जातेय का. रेस पूर्ण दिल्यावर पंपावरचा लिव्हर शेवटपर्यंत जातो का, तेही बघा. काळा धूर असेल तर पहिला संशय एअर क्लिनरवर. गरम इंजिनातून पांढरा धूर येत असेल तर नोझल, टायमिंग (डिझेल सुटण्याची वेळ) किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब). निळा असेल तर ऑइल जळतंय. कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय पिस्टनच्या रिंगा गेल्या म्हणणाऱ्याला इंजिन खोलू देऊ नका.

पंप काढावाच लागला तर आधी सीलचा फोटो घ्या, नोझलवर खूण करा, आणि बेंचवर प्रत्येक सिलिंडरला किती डिझेल सुटलं याचा कागद हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. आमच्या त्या गॅरेजवाल्याने सील तोडल्याचं शेवटपर्यंत कबूल केलं नाही.