निकोटीन गम: उत्पादन चांगलं, पण हातावर पोट असणाऱ्यांचं काय?

सिगारेट सोडण्यासाठी निकोटीन गम खरंच उपयोगी आहे, पण चघळायची पद्धत चुकली की पैसे वाया जातात. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर 4 मिलिग्रॅम, नाहीतर 2 मिलिग्रॅमचा गम घ्यावा. चव तिखट लागेपर्यंत हळूहळू चावा, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा. झिणझिण्या थांबल्या की पुन्हा चावा. असं साधारण अर्धा तास. साध्या च्युइंगगमसारखा भराभर चघळला तर निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं, उचक्या लागतात, जळजळ होते आणि तलफ तशीच राहते. गम घेण्याआधीची 15 मिनिटं चहा-कॉफी, सरबत नको. आम्लामुळे निकोटीन नीट शोषलं जात नाही.

पहिले 6 आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढे हळूहळू कमी करत 12 आठवड्यांचा कोर्स. आणि गरिबाचं गाडं इथेच अडतं. सुटी सिगारेट रोजच्या कमाईतून येते, गमच्या पाकिटाला एकरकमी पैसे लागतात. मग माणूस दिवसाला दोन-तीन गमवर भागवतो आणि 'हे चालतच नाही' म्हणून सोडून देतो. दात पडलेल्यांना, कवळी असलेल्यांना तर तो चघळणंच कठीण. त्यांना त्वचेवर चिकटवायचा निकोटीन पॅच बरा.

उत्पादनाला आमची शिफारस आहे. ते सरकारी दवाखान्यात पूर्ण 12 आठवडे मोफत मिळायला हवं. नमुन्यादाखल गमची एक स्ट्रिप देऊन काहीही साधत नाही.