मोबाइल की लॅपटॉप? घरच्या रेकॉर्डिंगचं मास्टरिंग कशावर करावं

भजन रेकॉर्ड झालं, मिक्सिंगही मनासारखं जमलं, आता मास्टरिंग, म्हणजे तयार मिक्सवरून फिरवायचा शेवटचा हात, मोबाइलवर उरकू की लॅपटॉप उघडू? सिंहस्थ जवळ येतोय तसे हे विचारणारे वाढलेत. नाशकात पंचवटी, सिडको, गंगापूर रोड, कुठेही जा, कुणी ना कुणी घरातल्या घरात गोदामाईचं गाणं नाहीतर अभंग रेकॉर्ड करत बसलेलं असतं. मी आधी एवढंच विचारतो, वाद्यं कोणती आहेत? आवाज आणि हार्मोनियम असेल तर मोबाइलवर भागतं. तबला-डग्गा असेल तर विचार करावा लागतो. ढोल-ताशा असेल तर सरळ लॅपटॉप.

काहीही निवडा, पण त्याआधी लाउडनेस मीटर घ्या. युलिनचा मीटर मोफत मिळतो आणि त्याची फुकटची आवृत्ती घरच्या कामाला भरपूर आहे. गाणं कानाला सरासरी किती मोठं लागतं, हे तो एलयूएफएस या एककात दाखवतो; उणे आकडा शून्याच्या जितका जवळ, तितकं गाणं मोठं. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला प्रत्येक गाणं उणे १४ एलयूएफएसच्या आसपास आणून वाजवतं, ॲपल म्युझिक उणे १६ च्या आसपास. म्हणजे तुम्ही गाणं दाबून दाबून उणे ८ ला नेलंत, तर स्पॉटिफाय ते ६ डेसिबलने खाली ओढणार. मोठेपणा तर मिळाला नाहीच, वर ठोक्यांचा जीव गेला. यूट्यूबही मोठं गाणं खाली आणतं, मात्र लहान गाणं वर उचलत नाही. म्हणून फार हळूही ठेवू नका.

मोबाइलवर पहिलं नाव बँडलॅबचं. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर चालतं, मास्टरिंग फुकट आहे. गाणं अपलोड करायचं, युनिव्हर्सल, फायर, क्लॅरिटी, टेप अशा तयार छटांमधून एक निवडायची, झालं. लँडर ही माँट्रियलची सेवा २०१४ पासून हेच काम करते. ती पैसे घेते, पण जोर कमी, मध्यम की जास्त हे ठरवू देते आणि सूर उबदार हवा की मोकळा हेही निवडता येतं. या दोघांत मी बँडलॅबने सुरुवात करायला सांगेन. नातेवाइकांना, मंडळाच्या ग्रुपवर पाठवायचं गाणं असेल तर तेवढंच पुरे. (व्हॉट्सॲपवर पाठवताना फाइल डॉक्युमेंट म्हणून जोडा, म्हणजे आहे तशी पोचते.) महिन्याला चार-पाच गाणी प्रसिद्ध करणार असाल तरच लँडरच्या पैशांचा विचार करा.

या प्रकारच्या ॲपची मर्यादा मला माझ्याच भजनावर कळली. पहाटे पाचला, रिक्षांची वर्दळ सुरू व्हायच्या आत, खोलीच्या दाराला गोधडी लावून रेकॉर्ड केलेलं भजन होतं. एका ॲपमधून काढलेली प्रत पहिल्यांदा ऐकताना सुखावलो. मग मीटर लावला. ॲपची प्रत मूळ मिक्सपेक्षा ५ डेसिबल मोठी होती. ती तेवढी खाली आणून दोन्ही आलटूनपालटून ऐकल्यावर खरं काय ते दिसलं. हार्मोनियमच्या भात्याचा श्वास प्रत्येक ओळीच्या शेवटी वर आला होता, डग्ग्याची मींड फुगून गायकाच्या खर्जावर बसली होती आणि चाटीवरचा 'ना' बोथट झाला होता. मोठं तेच कानाला चांगलं वाटतं, हा आपल्या सगळ्यांच्या कानांचा स्वभाव आहे. म्हणून कुठलीही दोन साधनं ताडून बघताना आवाज आधी समान करा. हे केलं नाही तर तुम्ही दर वेळी जास्त दाबणारंच साधन निवडाल.

आयपॅड घरात असेल तर मधला रस्ता चांगला आहे. २०१५ साली आयओएस ९ बरोबर एयूव्ही३ प्लगिनची, म्हणजे एका ॲपच्या आत जोडायच्या छोट्या साधनांची, सोय आली आणि आता फॅबफिल्टरसारख्या कंपन्यांचे प्लगिन आयपॅडवर थेट चालतात. गॅरेजबँड हे ॲपलचं रेकॉर्डिंगचं ॲप फुकट असतंच. अँड्रॉइडवर अशी सगळ्या ॲपना चालणारी प्लगिनची पद्धत रुळलेली नाही. तिथे त्या त्या ॲपच्या पोटात जे असेल त्यावरच भागवावं लागतं. अँड्रॉइडवाल्यांनी प्लगिन शोधण्यात आठवडा घालवण्यापेक्षा मित्राचा जुना लॅपटॉप आणलेला बरा.

लॅपटॉपवर फुकटातही फार काही होतं. रीपर हा रेकॉर्डिंग-मिक्सिंगचा प्रोग्राम घ्या. ६० दिवस पूर्ण चालतो, नंतरचा घरगुती परवाना ६० डॉलरचा. त्यात टोकियो डॉन कंपनीचा नोव्हा टाका. हा डायनॅमिक इक्वलायझर आहे, म्हणजे डग्गा घुमेल तेवढ्यापुरताच तो खर्ज दाबतो आणि एरवी हात लावत नाही. वरच्या भजनाची दुखणी याच एका प्लगिनने सुटली. त्यापुढे त्यांचाच कोटेलनिकोव्ह हा कॉम्प्रेसर, म्हणजे मोठा आवाज थोडा दाबणारा, अगदी हलका, सुई १-२ डेसिबलच हलेल इतका. शेवटी लाउडमॅक्स हा लिमिटर, म्हणजे ठरवलेल्या पातळीवर आवाज जाऊ न देणारा, आणि त्याच्यामागे मीटर. मास्टरिंगला द्यायची फाइल २४ बिट वेव्ह असू द्या, वर ३ ते ६ डेसिबल जागा मोकळी सोडा आणि मिक्सवर आधीच लिमिटर लावला असेल तर काढा.

पैसे खर्च करायचेच असतील तर ओझोन हा मास्टरिंगचा संच की फॅबफिल्टरचा प्रो-एल २? ओझोनमधला सहायक गाणं ऐकून सुरुवातीची मांडणी करून देतो आणि नंतर ती आपल्याला बदलता येते. मोबाइल ॲपच्या तुलनेत मला याचंच मोल जास्त वाटतं. नवख्याने त्याची छोटी एलिमेंट्स आवृत्ती सवलतीत मिळेल तेव्हा घ्यावी. पूर्ण ओझोन घरच्या माणसाला लागत नाही. प्रो-एल २ हा नुसता लिमिटर आहे, पण ताशा रेकॉर्ड करणाऱ्याने पहिला खर्च इथेच करावा, असं माझं ठाम मत आहे.

त्याचं कारण असं. आमच्या ओळखीच्या पथकाचा नाशिक ढोलाचा ठेका आम्ही गच्चीवर रेकॉर्ड केला. पडद्यावर बघितलं तर ताशाचा प्रत्येक ठोका सुईसारखा उभा आणि ढोलाची लाट त्याच्या निम्म्याहून कमी. साधा लिमिटर त्या सुया पकडायला गेला की मागचा ढोलही सोबत दबायचा. तर्री, म्हणजे ताशाचे सलग भरभर ठोके, सुरू झाली की ढोल खोल विहिरीत गेल्यासारखा. लिमिटरचा सोडायचा वेळ (रिलीज) कमी केला तर ढोलाचा खर्ज चिरकायचा. प्रो-एल २ मध्ये लिमिटिंगच्या वेगवेगळ्या तऱ्हा आहेत. मी 'डायनॅमिक' निवडली, अटॅक आणि रिलीज कानाने जुळवले आणि ट्रू पीकचं, म्हणजे आवाजाची खरी उंच टोकं धरणारं, बटण चालू ठेवलं. उणे ११ एलयूएफएसवर थांबलो. उणे १४ पेक्षा मोठं गाणं असेल तर ट्रू पीक उणे २ च्या खाली ठेवा असं स्पॉटिफाय सांगतं, तेही पाळलं.

पथकातल्या ताशावाल्या दादाला ऐकवलं. हेडफोन काढून तो म्हणाला, "सगळं आहे रे, पण टोल कुठे गेला?" टोल, म्हणजे पथकातली ठोकून वाजवायची धातूची थाळी, मिक्समध्येच मागे होता. ॲपवर असतो तर पुन्हा अपलोड करून नवा अंदाज घ्यावा लागला असता. इथे मिक्स उघडला, टोल दीड डेसिबल वर घेतला आणि जपून ठेवलेली प्लगिनची तीच साखळी परत चालवली. दादा जिना उतरायच्या आत नवी फाइल त्याच्या फोनवर गेली होती.