मॅस्टोडॉन, बऱ्याच महिन्यांनी: भांडणं गेली, त्यांच्याबरोबर डोंबिवलीही गेली

मी संगणकवाली नाही. फोर्टातल्या एका ऑफिसात विम्याचे दावे तपासते, डोंबिवलीहून जाऊन-येऊन करते आणि बसायला जागा मिळाली की लोकलमध्ये मोबाइल काढते. माझं ऑनलाइन आयुष्य जे काही आहे ते या प्रवासातलं. राजकारण वाचते, गाड्यांची बोंब वाचते, मधूनच दोन ओळी लिहिते. त्यामुळे कोड कसा आहे, सुरक्षितता किती वगैरे माझ्याकडून अपेक्षू नका. मॅस्टोडॉन, म्हणजे ट्विटरसारखंच लिहायचं-वाचायचं एक ठिकाण, लेडीज डब्यात कसं चालतं, एवढं सांगू शकते.

विधानसभेचा निकाल २३ नोव्हेंबर २०२४ ला लागला, त्या आठवड्यात मी तिथे खातं काढलं. कोण जिंकलं याच्याशी त्याचा संबंध नव्हता. मला दमायला झालं होतं. २०१९ चा पहाटेचा शपथविधी, २०२२ ला फुटलेली शिवसेना, २०२३ ला फुटलेली राष्ट्रवादी: एका पक्षाचे दोन झाले, तसे त्यांचे ऑनलाइन भालदार-चोपदारही दुप्पट झाले, आणि मी यांतल्या एकालाही फॉलो करत नसताना सगळे माझ्या मोबाइलमध्ये मुक्कामाला. ट्विटर ऑक्टोबर २०२२ मध्ये ४४ अब्ज डॉलरना इलॉन मस्कनं घेतलं, जुलै २०२३ मध्ये त्याचं एक्स झालं, आणि त्याच वर्षापासून पैसे भरून निळी टिक घेणाऱ्यांना त्यांच्या पोस्टवर किती लोक येतात त्यानुसार पैसेही मिळू लागले. लोकांना चिडवणं हा एकदा धंदा झाला की चिडवणाऱ्यांची वानवा कशाला पडेल! मी त्यांच्यावर चिडून उत्तर दिलं तरी त्यांचीच कमाई.

त्याआधी मी कू या ट्विटरसारख्याच भारतीय ॲपवरही होते. पिवळा पक्षी आठवतोय का? २०२१ च्या सुरुवातीला शेतकरी आंदोलनावरून सरकारचं ट्विटरशी वाजलं तेव्हा केंद्रातले मंत्री एकापाठोपाठ एक तिथे गेले होते. मराठीत लिहायची सोय छान होती, मराठी माणसंही बऱ्यापैकी होती. जुलै २०२४ मध्ये दुकान बंद. म्हणून यावेळी दीर म्हणाला, "वहिनी, कंपनीच नसलेलं काहीतरी बघा." त्यानंच मॅस्टोडॉन सुचवलं. तो स्वतः मात्र अजून इन्स्टाग्रामवरच आहे, हे नमूद करून ठेवते.

थोडक्यात प्रकार असा. जर्मनीतल्या ऑयगेन रोश्को या प्रोग्रामरनं २०१६ मध्ये हे सुरू केलं. एक मोठी साइट नाही, हजारो छोटे सर्व्हर, म्हणजे स्वतंत्र छोट्या साइट, आहेत, कोणी हौसेनं चालवतो, कोणी संस्था चालवते. जीमेलवाला याहूवाल्याला मेल पाठवू शकतो, तसा एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्या सर्व्हरवरच्याला फॉलो करू शकतो. यामागची ॲक्टिव्हिटीपब नावाची पद्धत २०१८ पासून वेबचं अधिकृत मानक आहे. जाहिराती नाहीत. पोस्ट ५०० अक्षरांची, आणि मराठीला हे फार मानवतं. एक्सवर फुकटवाल्यांना २८०, त्यात काना, मात्रा, हलन्त सगळं वेगवेगळं मोजतात. 'राष्ट्रवादी' लिहिलं की निम्मा श्वास संपला.

सर्व्हर निवडा म्हटल्यावर बहुतेक लोक तिथूनच परत फिरतात. मीही दोन दिवस ते पर्याय बघत बसले होते. शेवटी मध्यम आकाराचा, नियम नीट लिहिलेला एक घेतला. मोठ्या मॅस्टोडॉन डॉट सोशलवर घेतलं असतं तरी बिघडलं नसतं. नव्यानं येणाऱ्यांनी यावर फार डोकं लावू नये, नंतर घर बदलता येतं. फॉलो करणारे आपोआप सोबत येतात, जुन्या पोस्टी मात्र मागेच राहतात.

पहिले काही आठवडे अगदी भकास गेले. उघडलं की कोणी नाही. इथे यंत्र तुम्हाला काही वाढून देत नाही, तुम्ही ज्यांना फॉलो केलंत त्यांचं लेखन वेळेच्या क्रमानं दिसतं, बस. मग मी हातानं माणसं वेचायला लागले. हॅशटॅगही फॉलो करता येतो, तसा 'मराठी' केला, 'मुंबई' केला, रेल्वेचा केला, भरतकामाचा केला. पक्ष्यांचे फोटो टाकणारा एक केरळचा माणूस मिळाला, देवनागरी फॉन्टवर तासन्‌तास बोलणारे दोघंतिघं मिळाले, नॉर्वेतली एक लोकोपायलट मिळाली. शोधताना भारतीय खातीही बरीच दिसली, पण त्यांतल्या कितीतरींची शेवटची पोस्ट २०१९ च्या डिसेंबरातली. त्या वर्षी ऑक्टोबरअखेर सर्वोच्च न्यायालयातले वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद केलं गेलं होतं. नाझी सलाम न करता हाताची घडी घालून उभा राहिलेल्या एका जर्मन कामगाराचा १९३६ चा फोटो आणि गोरख पांडेंची एक हिंदी कविता, एवढ्यावरून. त्या रागात शेकडो भारतीय नोव्हेंबरात मॅस्टोडॉनवर आले, महिनाभर उत्साहानं बोलले आणि परत गेले. रागानं आलेली माणसं राग निवळल्यावर थांबत नाहीत. मी दमून आले होते, म्हणून टिकले असावे.

आता आवडलेली गोष्ट. टाइमलाइन संपते. खरोखर संपते. सकाळी डोंबिवलीला गाडीत शिरले की उघडते, आणि ठाणं यायच्या आत काल रात्री जिथे थांबले होते तिथे पोहोचते. पुढे वाचायला काही नाही. सुरुवातीला बोट उगाच वर ओढत राहायचं. हल्ली मोबाइल पर्समध्ये जातो आणि मी झोपते. पसंतीचा तारा दाबला तर लिहिणाऱ्याला कळतं, पण त्यानं पोस्ट पुढे ढकलली जात नाही. पुढे न्यायची तर बूस्ट करावी लागते, म्हणजे माझ्या नावावर ती जाते. हा फरक कागदावर क्षुल्लक वाटेल, पण त्यामुळे कोणाचीही थप्पड, कोणाचाही अपमान 'मजा आली' म्हणून आपोआप गावभर होत नाही. दुसऱ्याची पोस्ट उद्धृत करून वर टोमणा मारायची सोय तर इतकी वर्षं नव्हतीच. आता ती येऊ लागली आहे, पण आपली पोस्ट कोणी उद्धृत करावी हे लिहिणारा ठरवू शकतो.

राजकारण सुटलं का? महाराष्ट्राचं सुटलं, अमेरिकेचं लागलं! जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प पुन्हा आले आणि माझी भरतकामवाली, फॉन्टवाले, पक्षीवाले सगळे त्यावरच बोलायला लागले. मला त्यांच्या सिनेटरांची नावं पाठ झाली आणि आपल्या पालकमंत्रिपदांचं रायगड-नाशिकचं काय घोंगडं भिजत पडलं होतं ते नवऱ्याकडून कळलं. तिथे अमेरिकी राजकारणावर 'यूएसपोल' अशी खूण टाकायची रीत आहे, म्हणजे ज्याला नको त्यानं गाळावं. गाळणी मात्र फारच उत्तम. शब्द घाला, किती काळासाठी ते सांगा, पूर्ण लपवायचं की इशारा देऊन झाकायचं ते निवडा. मुदत संपली की गाळणी आपोआप उठते. आयपीएलच्या दिवसांत रात्रीपुरतं 'आयपीएल' गाळून टाकायचे, सकाळी स्कोअर पेपरात वाचायचे. असं आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर करता आलं असतं तर!

खरी परीक्षा मे २०२५ मध्ये झाली. ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर झालं आणि पुढचे तीन-चार दिवस कोणालाच झोप नव्हती. ८ मेच्या रात्री आमच्या घरात टीव्ही चालू होता, नवऱ्याच्या हातात एक्स, माझ्या हातात मॅस्टोडॉन. टीव्हीवर कराची बंदर उद्ध्वस्त झालं होतं, जे प्रत्यक्षात झालंच नव्हतं. नवऱ्याकडे स्फोटांचे व्हिडिओ धडाधड येत होते. त्या दिवसांत फिरलेल्यांत व्हिडिओ गेममधली दृश्यं निघाली, २०२० च्या बैरुतच्या स्फोटाची चित्रफीतही निघाली. त्याच दिवशी एक्सनं जाहीर केलं की भारत सरकारनं आठ हजारांवर खाती रोखायचे आदेश दिलेत. माझ्याकडे? दोन-चार पत्रकारांच्या बातम्यांचे दुवे, एकानं जुने फोटो ओळखायची पद्धत समजावलेली, आणि नॉर्वेची बाई विचारत होती, "तुम्ही सुखरूप आहात ना?" मी नवऱ्याला म्हटलं, माझ्याकडे यातलं काहीच आलेलं नाही. तो म्हणाला, "तुझ्याकडे काहीच येत नाही." दोघंही बरोबर होतो. खोटं कमी होतं हे खरं, पण जम्मूहून किंवा अमृतसरहून स्वतः पाहून लिहिणारंही माझ्या टाइमलाइनवर कोणी नव्हतं. तिथली शांतता थोडी चांगल्या सवयींमुळे आहे आणि पुष्कळशी आपली माणसंच नसल्यामुळे. मॅस्टोडॉनचं कौतुक करणारे हा दुसरा भाग सांगत नाहीत.

जूनमध्ये पहिलीपासून हिंदीचा प्रश्न पेटला. १७ जूनचा सुधारित शासन निर्णय, मग विरोध, २९ जूनला दोन्ही निर्णय मागे, ५ जुलैला वरळीत ठाकरे बंधू एका व्यासपीठावर. या विषयावर मला खूप बोलायचं होतं, माझा भाचा पुढच्या वर्षी पहिलीत जाणार. चार पोस्टींची माळ लिहिली, मराठीत. मराठी माणसांकडून जेमतेम तीन उत्तरं आली. एका कन्नड गृहस्थांनी इंग्रजीत बंगळुरूची बाजू सांगितली. आणि बास्क भाषा बोलणारी एक शिक्षिका भाषांतराच्या बटणावरून वाचत आली. बास्क लोकांचा तिथे स्वतःचा सर्व्हर आहे. तिनं विचारलं, तुमच्याकडे गणित कोणत्या भाषेत शिकवतात, घरी कोणती बोलतात, गुरुजींना तिसरी भाषा येते का? तासभर आम्ही लिहीत होतो. असा संवाद मला एक्सवर कधी मिळाला नसता, तिथे पहिल्या दहा मिनिटांत माझी जात विचारून झाली असती. पण तरीही. ज्यांच्याशी हे बोलायला हवं होतं ते आमच्या शाळेचे पालक होते, आणि ते दुसरीकडे भांडत होते.

१९ ऑगस्टच्या पावसाचं तर विचारूच नका. मध्य रेल्वेची सीएसएमटी ते ठाणे वाहतूक कित्येक तास बंद, संध्याकाळी म्हैसूर कॉलनी आणि भक्ती पार्कच्या मध्ये मोनोरेल अडकलेली, माणसं शिडीनं उतरवताहेत. अशा दिवशी मॅस्टोडॉनवर 'मुंबई' हा टॅग उघडला तर वर कोणाचा तरी गेटवेचा सूर्यास्त. रेल्वे, महापालिका, वाहतूक पोलीस, हवामान खातं यांची पळापळ सगळी एक्सवर, आणि कुर्ल्याला रुळांवर किती पाणी आहे हे सांगणारे प्रवासीही तिथेच. म्हणून एक्स मी काढून टाकलेलं नाही. मोबाइलच्या शेवटच्या पानावर आहे, सूचना बंद, गाडी थांबली की उघडते.

काही बारीकसारीक. मेन्यूत मराठी निवडता येते, पण बरेच शब्द इंग्रजीच राहतात. मी अँड्रॉइडवर अधिकृत ॲप सोडून टस्की वापरते, फुकट आहे, हलकं आहे, लोकलमध्ये रेंज मरतुकडी असतानाही चालतं. फोटो टाकला की त्याचं वर्णन लिहायची तिथे शिस्त आहे, म्हणजे न दिसणाऱ्यांना ते ऐकता येतं. विसरलात तर कोणीतरी येऊन आठवण करून देतं, कधी प्रेमानं, कधी शाळेतल्या बाईंच्या सुरात. मला शिस्त पटली, सूर पटला नाही. खासगी संदेश फार जपून लिहा. एक तर ते कुलूपबंद नसतात, सर्व्हर चालवणारा ठरवलं तर वाचू शकतो. दुसरं, त्यात तिसऱ्या माणसाचं खातं '@' लावून लिहिलंत की तो संदेश त्यालाही दिसतो. जावेबद्दल जावेचं नाव टॅग करून लिहायचं नाही, एवढं ध्यानात ठेवलं की झालं.

बाई म्हणून एक मुद्दा वेगळा सांगायला हवा. एकदा एक अनोळखी खातं माझ्या फोटोखाली घाणेरडं लिहून गेलं. तक्रार केली, आमच्या सर्व्हरच्या व्यवस्थापकानं त्याच संध्याकाळी ते खातं रोखलं आणि मला दोन ओळींचं उत्तरही पाठवलं. माणसानं पाठवलेलं उत्तर होतं. एखादा सर्व्हर असल्याच लोकांनी भरला असेल तर हे व्यवस्थापक अख्खा सर्व्हरच तोडून टाकतात. हा अधिकार एका माणसाच्या हाती असणं चांगलं की वाईट, हे तो माणूस कसा आहे यावर. आमचा भला आहे.

आणि तो थकू शकतो. मोझिलासारख्या मोठ्या संस्थेनंही आपला मॅस्टोडॉन सर्व्हर डिसेंबर २०२४ मध्ये बंद केला, मग हौशी माणसाचं काय घेऊन बसलात. कूवर भाजलेली मी, त्यामुळे महिन्याच्या पगाराच्या दिवशी माझी फॉलो यादी उतरवून ठेवते, सेटिंगमध्ये तशी सोय आहे. सर्व्हरच्या खर्चासाठी वर्गणीही देते. आमच्या सर्व्हरला यूपीआय चालत नाही, परदेशी साइटवर कार्ड लावावं लागतं आणि बँक दर वेळी ओटीपीचा घोळ घालते. नवरा म्हणतो, भांडण फुकट मिळत होतं, तू पैसे भरून गप्पा विकत घेतल्यास. मी त्यालाही खातं काढून दिलं आहे. तो फक्त क्रिकेट शोधतो, सापडत नाही, आणि परत एक्सवर जातो.