सीवूड्सला पोळी 12 रुपये झाली तरी लाइन काही कमी होत नाही

डोंबिवलीहून नवी मुंबईत सीवूड्सला शिफ्ट होऊन दीड वर्ष झालं. 1बीएचके, 32 हजार भाडं, दीड लाख डिपॉझिट आणि ब्रोकरला एक महिन्याचं भाडं, हे सगळं माहीत होतं त्यामुळे मनाची तयारी होती. खिसा रिकामा व्हायला लागला तो नंतर, रोजच्या जेवणापायी, म्हणून हा रिव्ह्यू आमच्या सेक्टरमधल्या पोळीभाजी केंद्राचा. नाव देत नाही, कारण कुरकुर पण करणारे.

दुकान म्हणजे जुन्या सोसायटीखालचा एक गाळा. आत तीन मावशी, दोघी लाटतात, एक तव्यावर, आणि काउंटरवर काकू. पोळी घडीची, तेल लावलेली, मोठी, दुसऱ्या दिवशी डब्यात नेली तरी चामड होत नाही, याला पैकीच्या पैकी मार्क. फक्त प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊ नका, पाच मिनिटांत वाफेने सगळा गोळा होतो. मी स्टीलचा डबा नेतो, तळाला फडकं घालून. पहिल्यांदा डबा नेला तेव्हा काकू म्हणाल्या "आता तू इथला झालास".

आता भावाकडे येऊ. आलो तेव्हा पोळी 10 ला होती, आता 12. मी म्हटलं काकू दोन रुपये एकदम? तर म्हणाल्या "अरे गाळ्याचं भाडं बघ, मावशींचे पगार बघ, आणि ते निळं सिलेंडर बघ, तुमच्या घरच्या लाल सिलेंडरचा भाव मला लागत नाही". खरंय, 19 किलोचं कमर्शियल असतं ते. पण स्टेशनवर गेलं की गंमत वाटते, सीवूड्स ते नेरूळ लोकलचं सेकंड क्लासचं तिकीट अजून 5 रुपये, म्हणजे एका पोळीच्या पैशात नेरूळला जाऊन परत येता येतं आणि वर दोन रुपये उरतात. या शहरात सरकारी ते स्वस्त, पाणीसुद्धा पालिकेच्या स्वतःच्या मोरबे धरणाचं, आणि बाकी ज्याला हात लावाल ते महाग.

भाजी 70 रुपये पाव किलो. इथे माझी पहिली तक्रार, की भाजीत बटाटा फार. फ्लॉवर-बटाटा समजू शकतो, पण वांग्यात बटाटा, मेथीत बटाटा, एकदा तर गवारीत पण सापडला. काकूंना विचारलं तर त्यांनी गवारीचा भाव सांगितला आणि मी गप्प बसलो. कारण मी स्वतः बाहेरच्या गाडीवर विचारतो तेव्हा भाजीवाला 40 म्हणतो, ते 40 पाव किलोचे असतात हे पहिल्या महिन्यात मला कळलंच नव्हतं, आपण आपले खूश होऊन किलो सांगायचो आणि मग 160 ऐकून घाम फुटायचा. आख्ख्या मुंबईची भाजी आमच्या शेजारी तुर्भ्याला एपीएमसीच्या घाऊक बाजारात उतरते, ट्रक रात्रभर येतात, पण तिथून पाम बीच रोडने आमच्या दारात येईपर्यंत त्या गवारीला काय सोनं लागतं देव जाणे.

आता हिशोब. आम्ही दोघं, रोज 8 पोळ्या, रविवारी दुकान बंद म्हणून 26 दिवस, झाले 2496. पाव किलो भाजी रोज, 1820. म्हणजे 4300 च्या आसपास, एका वेळचं जेवण. स्वयंपाकाच्या मावशींनी एका वेळचे साडेचार हजार सांगितले होते, त्यात तेल, पीठ, भाजी, गॅस आमचा. त्यामुळे सध्या तरी काकूच परवडतात. अ‍ॅपवरून मागवाल तर हीच पोळी 17 ला दिसते, वर पॅकिंग, वर डिलिव्हरी, तो उद्योग करू नका, चार पावलं चाला.

लाइनीत सगळे असतात. पीजीतली पोरं दोन पोळ्या घेतात. पलीकडच्या टॉवरमधला ऑफिसचा मित्र भेटतो, तो महिन्याला 9 हजार मेंटेनन्स भरतो, 7500 च्या वर गेला म्हणून त्यावर 18 टक्के जीएसटी पण, आणि इथे 12 रुपयांवरून काकूंशी माझ्यापेक्षा जास्त हुज्जत तोच घालतो.

दुसरी तक्रार, भाजीच्या डब्बीचे वेगळे 10 रुपये घेतात, ते बोर्डावर कुठेही लिहिलेलं नाही. तिसरी, सुट्टे परत देताना चॉकलेट टेकवतात, यूपीआय करा.

थालीपीठ 45 ला आहे, जाड, कांदा भरपूर, लोण्याचा गोळा मागितला तरच देतात. पुरणपोळी 50 ला, पण मला कोरडी वाटली. आमटीच्या वाटेला जाऊ नका, पाणीदार असते.

साडेसहा ते साडेसात ही वेळ गाठा, आठनंतर गेलात तर समोर फक्त बटाट्याची भाजी उरलेली असते, आणि त्या दिवशी मात्र त्यात दुसरं काहीच नसतं.