बाबांची हार्टची गोळी: एनालाप्रिल की सॅक्युबिट्रिल-वलसार्टन?

आम्ही इंदूरचे, रामबागेतले. बाबांना आधी एनालाप्रिल चालू होती, जुनी आणि स्वस्त गोळी, पण कोरडा खोकला इतका की रात्री झोपच लागेना, मग डॉक्टरांनी सॅक्युबिट्रिल-वलसार्टन दिली. हार्टचं पंपिंग कमी असलेल्या पेशंट्सवर 2014ला पॅराडाइम-एचएफ अभ्यास आला, त्यात हार्टमुळे मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी अ‍ॅडमिट व्हायचा धोका एनालाप्रिलपेक्षा हिच्यामुळे 20 टक्के कमी झाला, म्हणून माझं मत हिच्याच बाजूने. पण ही बीपी जास्त उतरवते, बाबांना उठताना चक्कर यायची. महाग आहेच, जेनेरिकमुळे जरा बरं.

आणि हे नीट वाचा, दोन्ही एकत्र कधीच नाही! एनालाप्रिलचा शेवटचा डोस आणि नवीचा पहिला यात 36 तास जायलाच हवेत, नाहीतर चेहरा, जीभ, घसा सुजून श्वास अडकू शकतो, घरात जुनी स्ट्रिप पडलेली असते आणि चुकून घेतली जाते, मी ती त्याच दिवशी काढून टाकली. पोटॅशियम-किडनीच्या तपासण्या दोन्हीत लागतात, आणि लो सोडियम मीठ किंवा गुडघ्यासाठी ब्रुफेन डॉक्टरांना न विचारता दोन्हीत नको. पोह्यांवरची शेव आता बाबांना चिमूटभरच देतो.