विद्यार्थ्यांनी घडवलेला सोलांचा ड्रायर : दोन हंगामांचा अनुभव

वेंगुर्ले तालुक्यात आमच्या महिला गटाचा कोकमाचा छोटा उद्योग आहे. एक पत्र्याची शेड, समोर सारवलेले खळे आणि एप्रिलच्या शेवटापासून मृगापर्यंतची धावपळ, एवढाच त्याचा पसारा. रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, फोडून बिया आणि गर वेगळा करायचा, सालींना मीठ लावून त्या रसात बुडवायच्या, उन्हात घालायच्या, पुन्हा बुडवायच्या आणि पुन्हा वाळवायच्या, असे सहा-सात दिवस चालते. आणि पाचव्या दिवशी दुपारी आभाळ भरून आले की खळ्यावर ताडपत्री ओढायला घरातली लहानथोर सगळी धावतात. एकदा भिजलेल्या सोलांना, म्हणजे वाळत घातलेल्या या सालींना, बुरशी धरायला वेळ लागत नाही. त्यामुळे जिल्ह्याबाहेरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील अंतिम वर्षाच्या चार विद्यार्थ्यांनी प्रकल्प म्हणून ड्रायर करून देण्याची तयारी दाखवली, तेव्हा आम्ही लगेच होकार दिला. साहित्याचे ३८,००० रुपये आमचे आणि मेहनत त्यांची, असे ठरले. त्या ड्रायरवर दोन हंगाम काढल्यानंतर हे लिहीत आहे.

रचना साधी आहे. वर पॉलिकार्बोनेटचे पारदर्शक छप्पर, त्याखाली काळा रंग दिलेला पत्रा, तिथे तापलेली हवा बारा ट्रेंवरून ओढणारा पंखा, आणि ढगाळ दिवसांसाठी विजेची कॉइल. तापमान ५५ अंशांच्या आसपास राखणारा कंट्रोलर बाहेरच्या बाजूला आहे. एका वेळी चाळीसेक किलो ओल्या साली बसतात आणि बुडवण्याच्या फेऱ्या धरून तिसऱ्या-चौथ्या दिवशी सोले तयार होतात. मात्र वाचलेल्या दिवसांपेक्षा मला रात्रीचा उपयोग मोलाचा वाटतो. सोलांत मीठ असते आणि मीठ हवेतले पाणी ओढते. समुद्रकाठच्या दमट हवेत दिवसभर वाळलेली सोले रात्री उघडी राहिली तर सकाळी हाताला चिकट लागतात, म्हणजे आदल्या दिवसाचे निम्मे ऊन वाया गेलेले असते. ड्रायरची झाकणे संध्याकाळी घट्ट लावली की हे थांबते. झाकणांना रबराची पट्टी बसवण्याची कल्पना त्या मुलांचीच होती आणि ती उत्तम ठरली.

आता तक्रारी. पहिल्या हंगामातला पहिला घाणा आम्हाला टाकून द्यावा लागला. ट्रेची जाळी अॅल्युमिनियमची होती. कोकमाच्या सालीत हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल भरपूर असते. त्यात मिठाची भर पडली की अॅल्युमिनियमचा टिकाव लागत नाही. दुसऱ्या दिवशी ट्रे बाहेर काढले तर सोलांच्या खालच्या बाजूला जाळीची नक्षी करड्या डागांनी उमटली होती आणि जाळीवर बोट फिरवले की पांढरट पूड हाताला येत होती. विद्यार्थ्यांचा गटप्रमुख फोनवर गोंधळून म्हणाला, "काकू, टोमॅटोवर तर एकदम व्यवस्थित चालले होते!" शेजारी बसलेल्या आमच्या आत्यांनी ते ऐकून तिथूनच विचारले, "अरे बाबू, टोमॅटोक आमी मीठ खंय लावतंव?"

या टोमॅटोंमध्येच साऱ्या प्रकरणाचे मूळ आहे. महाविद्यालयाचे वर्ष पावसाळ्यात सुरू होते, प्रकल्पाचा विषय गणपतीच्या सुमारास ठरतो, यंत्र फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभे राहते आणि एप्रिल-मे हे महिने तोंडी परीक्षा, अहवाल आणि लेखी परीक्षेत जातात. रातांबे पिकायला लागतात ते नेमके याच दिवसांत. म्हणजे ज्या फळासाठी यंत्र बनवायचे, ते फळ यंत्र बनवणाऱ्यांच्या हाती वर्षभर पडतच नाही. मुलांनी बाजारात मिळेल ते घेतले, टोमॅटोच्या चकत्या वाळवल्या, त्यांचे वजन कमी होत गेल्याचा सुरेख आलेख काढला आणि त्यांना चांगले गुणही मिळाले. बिनमिठाच्या चकतीचा आणि रसात मुरलेल्या सालीचा काही संबंध नाही, हे त्यांना कळायला आमचा घाणा फुकट जावा लागला. शिवाय इथली बहुतेक झाडे बियांपासून आपोआप उगवलेली असल्यामुळे एकाच टोपलीत पातळ आणि जाड सालीची फळे निघतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण अमृता' आणि 'कोकण हातीस' या जाती दिल्या आहेत, पण आमच्याकडे येणारा माल अजून परसातला आणि रानातलाच आहे. पातळ साली आधी वाळतात, जाड मागे राहतात, आणि आलेखात हे कुठेच नव्हते.

इथे मुलांचे श्रेय त्यांना द्यायला हवे. परीक्षा संपताच त्यातले दोघे स्वखर्चाने आले, तीन दिवस राहिले, आमच्याबरोबर बसून रातांबे फोडले आणि जांभळी झालेली बोटे घेऊनच परत गेले. चौकशीअंती त्यांना कळले की मीठ आणि आम्ल दोन्ही सोसायला ३१६ प्रतीचे स्टील चांगले, पण ते आमच्या आवाक्याबाहेर होते. तेव्हा साध्या ३०४ स्टीलची चौकट करून तिच्यावर खाद्यपदार्थांना चालणारी प्लास्टिकची जाळी ताणली, म्हणजे साली धातूला टेकणारच नाहीत. ती जाळी आजही शाबूत आहे. सर्वांत वरचा ट्रे त्यांनी स्वतःच्या उंचीप्रमाणे बसवला होता आणि आमच्यातल्या एकीचाही हात तिथवर पोहोचत नव्हता. तोही त्यांनी खाली घेतला.

विक्रीनंतरची सेवा, असे ज्याला दुकानदार म्हणतात, ती मात्र नाही म्हटले तरी चालेल. दुसऱ्या हंगामात कमी दाबाच्या विजेने कंट्रोलर बंद पडला, तोपर्यंत मुले पास होऊन नोकरीला लागली होती. आम्हाला दिलेला सत्तर-ऐंशी पानांचा जाड बांधणीचा अहवाल इंग्रजीत आहे. त्यात सौर ऊर्जेचा इतिहास आहे, पण कोणती वायर कुठे जाते याची आकृती नाही. शेवटी गावातल्या वायरमनने त्या जागी साधा थर्मोस्टॅट बसवला आणि त्याच्या चकतीवर आत्यांनी लाल नेलपेंटने ५५ ची खूण केली. मराठीतले एक पान आणि ती एक आकृती मिळाली असती तर आमचे आठ दिवस वाचले असते.

रातांबे संपले की ड्रायर रिकामा राहत नाही. उरलेल्या कैऱ्यांची आंबोशी त्यात छान होते. सुकटीसाठी तो मागायला शेजारचे दोनदा येऊन गेले, पण तो वास पुन्हा निघायचा नाही म्हणून नकार द्यावा लागला.

पाचपैकी गुण द्यायचे तर यंत्राला साडेतीन आणि मुलांना साडेचार देईन. यंदा त्याच महाविद्यालयाकडून रातांबे फोडण्याच्या यंत्राचा प्रस्ताव आला आहे. आम्ही एकच अट घातली आहे, की तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपताच, मे महिन्यातच, मुलांनी इथे यावे, फळे हाताळावीत, मग वर्षभर काय ते बनवावे, आणि त्याची चाचणी पुढच्या मे महिन्यातल्या रातांब्यांवर घ्यावी. प्राध्यापकांनी विभागाला विचारून कळवतो असे सांगितले आहे.