पितळ, दुधी काच आणि फिलामेंटचे बल्ब: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत

गेल्या दिवाळीआधी ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या घराचं वायरिंग नव्याने केलं. तेव्हाच हॉल, जेवणाचं टेबल, पॅसेज आणि बाल्कनीतल्या ट्यूबलाइट काढून जुन्या धाटणीचे दिवे लावले. आता अख्खा पावसाळा त्यांनी पाहिलाय, त्यामुळे बोलायला हरकत नाही. दुधी काचेचे गोळे एकदम उत्तम. पितळ सुंदर, पण कामाला लावणारं. आणि उघडा फिलामेंट बल्ब फोटोत छान दिसतो, जेवणाच्या टेबलावर मात्र नको.

खरेदी बहुतेक लोहार चाळीतून. सीएसएमटीला उतरून क्रॉफर्ड मार्केटकडे चालत गेलं की विजेच्या सामानाच्या गल्ल्याच गल्ल्या. चोर बाजारात मटन स्ट्रीटलाही गेले. तिथे खरं जुनं मिळतं आणि जुनं करून विकलेलंही मिळतं, आणि आपल्यासारख्या हौशी गिऱ्हाइकाला फरक कळेलच असं नाही. खऱ्या जुन्या हंडीचा, म्हणजे छताला टांगायच्या काचेच्या दिव्याचा, मोह मी टाळला, कारण आतली वायर कधीची हे कुणीच सांगू शकत नव्हतं. घ्यायचीच असेल तर वायर आणि होल्डर नवे टाकून घ्या, काच आणि पितळ तेवढं जुनं ठेवा.

पर्समध्ये फ्रिजवरचं एक चुंबक टाकून गेले होते. ‘प्युअर ब्रास’ म्हणून पुढे केलेल्या दिव्याला ते टपकन चिकटलं, की विषय संपला. आत लोखंड, वरून मुलामा. चिकटलं नाही म्हणजे पितळच, असंही समजू नका. जस्ताचं ओतकाम आणि ॲल्युमिनियमही चुंबकाला दाद देत नाहीत. मग हातात वजन घ्यायचं आणि जिथे आटे पाडलेले असतात ती आतली कड बघायची. वरचा मुलामा तिथे उघडा पडतो.

होल्डरचंही तिथल्या तिथे विचारून घ्या. आपल्या घरातले बल्ब बहुतेक पिनचे, म्हणजे बी२२. या दिव्यांना बहुधा आट्यांचा ई२७ येतो. त्यात जोडणी उलटी झाली तर बल्बच्या आट्यांनाच फेज येतो आणि बल्ब बदलताना बोट लागलं तर झटका. फेज मधल्या टोकाला आणि न्यूट्रल आट्यांना, हे वायरमनकडून समोर उभं राहून करून घेतलं. दुसरं म्हणजे अर्थिंग. जुन्या इमारतींत दिव्यांच्या पॉइंटला दोनच वायरी असतात. आमच्या वायरमनने पितळी दिवा हातात घेऊन पहिला प्रश्न तोच केला, “ताई, बॉडी सगळी धातूची आहे, अर्थिंग कुठून देऊ?” वायरिंग नवं होत होतं म्हणून तिसरी वायर ओढता आली आणि बोर्डात आरसीसीबीही, म्हणजे वीज गळली की पुरवठा लगेच तोडणारा स्विच, बसला. तुमच्याकडे ते होणार नसेल, तर पितळाचा नाद सोडून लाकूड, चिनीमाती किंवा काचेचा दिवा बघा.

आता बल्ब. जुनेपणा निम्मा तरी त्यातच असतो, आणि लोक शेडवर हजारो घालून बल्ब मात्र कोपऱ्यावरच्या दुकानातून उचलतात. हल्लीच्या फिलामेंट बल्बमध्ये खरी तार नसते. काचेच्या बारीक पट्टीवर एलईडीचे कण ओळीने बसवून वर पिवळा लेप दिलेला असतो. एकोणिसाव्या शतकातल्या कार्बनच्या तारेची ती नक्कल. खरी तार असलेले शोभेचे बल्बही मिळतात. ४० वॅट खातात, त्यातली बहुतेक वीज उष्णतेत जाते, उजेड जेमतेम. एलईडीचा ४ वॅटचा त्याहून बराच जास्त उजेड देतो. बिलाबद्दल एवढंच पुरे.

खोक्यावरचा केल्विनचा, म्हणजे उजेडाच्या रंगाचा, आकडा मात्र वाचाच. २२०० म्हणजे जवळजवळ कंदिलाचा रंग, २७०० म्हणजे जुन्या साध्या बल्बचा. मी हॉलमध्ये आधी २२०० चे, तेही अंबर काचेचे लावले. संध्याकाळी पाहुणे खूश, पण त्या उजेडात मुलीला वह्यांतली निळी आणि काळी शाई वेगळी दिसेना, तांदूळ निवडणं तर सोडूनच द्या. आता पॅसेजमध्ये २२००, बाकी सगळीकडे २७००. कामाच्या जागी, म्हणजे ओट्यावर आणि अभ्यासाच्या टेबलावर, साधा पांढरा दिवा आहे तसाच ठेवलाय.

स्वस्त बल्बचा खरा त्रास लुकलुकण्याचा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ड्रायव्हर, म्हणजे बल्बमधलं एलईडीला वीज पुरवणारं सर्किट, हलक्या प्रतीचं असेल तर उजेड सेकंदाला शंभर वेळा वरखाली होतो. डोळ्यांना थेट कळत नाही, डोकं मात्र जड होतं. फोनचा कॅमेरा बल्बसमोर धरा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना ठळक दिसले तर तो बल्ब परत करा. फिलामेंट बल्बच्या बुडाच्या टोपीत जागाच थोडी, त्यामुळे स्वस्त मालात पहिली काटछाट तिथेच होते. डिमर लावणार असाल तर खोक्यावर ‘डिमेबल’ लिहिलेलाच बल्ब घ्या, नाहीतर तो गुणगुणतो किंवा फडफडतो.

जेवणाच्या टेबलावर आधी पितळी टोपीखाली उघडे बल्ब होते. सासऱ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून व्हायचं होतं. ते जेवायला बसले की ताटावर एका हाताची सावली धरून दुसऱ्या हाताने जेवायचे. तोंडाने काही बोलले नाहीत. मग तिथे दुधी काचेचा गोळा आला, टेबलाच्या वर साधारण अडीच फुटांवर. बल्ब तोच, २७०० चा. पण उजेड गोळ्याच्या सगळ्या अंगातून येतो, टोचत नाही, आणि भाजीचा रंग भाजीसारखा दिसतो. सासऱ्यांचा हात खाली आला. गोळा घेताना तो पूर्ण बंद असेल तर थोडा मोठाच घ्या. आत हवा खेळली नाही की ड्रायव्हर तापतो आणि बल्ब लवकर जातो.

पावसाळ्यात दिव्यांची खरी परीक्षा झाली. खाडीची हवा, त्यात जुलैचा दमटपणा. नुसत्या पॉलिशच्या पितळावर आधी तपकिरी छटा आली, मग जिथे जिथे बोटं लागली होती तिथे ठसे उमटले, आणि खिडकीजवळच्या दिव्याच्या सांध्यात हिरवट डाग. पितांबरी घेतली, दिवा खाली उतरवून घासला, लख्ख झाला. पण लॅकर, म्हणजे चकाकी टिकवणारा पारदर्शक थर, मारलेल्या दिव्याला पितांबरी लावू नका. लॅकर ठिकठिकाणी निघतं आणि दिवा कोड फुटल्यासारखा दिसतो. तो नुसता मऊ कोरड्या फडक्याने पुसायचा. आता पॅसेजमधला दिवा मी मुद्दाम घासत नाही. त्याचा काळपट रंग मला आवडायला लागलाय, सासूबाईंना अजिबात नाही.

बाल्कनीसाठी ऑनलाइन मागवलेला हंसमानेचा ब्रॅकेट मात्र साफ फसला. वर्णनात ‘आउटडोअर’ लिहिलं होतं. पहिल्या जोरदार पावसानंतर महिनाभरात स्क्रूच्या भोकांतून गंजाचे ओघळ भिंतीवर. परताव्याची मुदत केव्हाच उलटलेली, विक्रेत्याने हात वर केले. शेवटी वागळे इस्टेटमधून पावडर कोटिंग करून घेतलं आणि स्टेनलेस स्टीलचे स्क्रू लावले, आता ठीक आहे. दिवा धूळ-पाणी किती अडवतो ते आयपीच्या आकड्यावरून कळतं: पाऊस थेट येणाऱ्या जागी आयपी६५ बघा, वर छज्जा असेल तर आयपी४४ चालतो. आकडाच दिलेला नसेल तर तो दिवा घरातला समजायचा. आणखी एक, वर तोंड असलेल्या वाटीसारख्या शेड घेऊ नका. पहिल्या पावसानंतर पंखांच्या वाळवीने त्या तळाशी भरतात, आणि शिडी लावून त्या काढणारी शेवटी घरातली एकच व्यक्ती असते.

आमचं बघून सोसायटीच्या कमिटीने प्रवेशद्वारासाठी विचारणा केली. तिथे मी पितळ सुचवलंच नाही, कारण घासणार कोण? हिरव्या एनॅमलच्या, आतून पांढऱ्या शेड सांगितल्या, गिरण्या-गोदामांत असायच्या तशा. आतला पांढरा रंग उजेड खाली फेकतो, एनॅमल गंजत नाही, वॉचमन ओल्या फडक्याने पुसू शकतो. फक्त त्याचा टवका उडाला की तिथून लोखंड गंजतं, म्हणून शिडी आपटणार नाही अशा उंचीवर लावायच्या. बल्ब ३००० केल्विनचे घेतले, त्याहून पिवळा उजेड रात्री येणाऱ्याचा चेहरा ओळखायला कमी पडला असता. सेक्रेटरींना हंड्याच हव्या होत्या, अजूनही हव्यात. पुढच्या सर्वसाधारण सभेत विषय घेणार म्हणतायत, तेव्हा जिन्याचे दिवे सध्या अडकलेत.